पाठीवरची अक्षरे

खंडेनवमीला इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून जी पूजा मांडतात, तिच्यात त्या घराचा सारा पूर्वेतिहास पाटावर येऊन बसलेला असतो. वैद्यांच्या घरी खलबत्ता, फडणिशी केलेल्यांच्या घरी दौत-लेखणी, शिलेदारांच्या घरी ढाल-तलवार. आमचे घर गाणाऱ्यांचे. आमच्या पाटावर दोन तंबोरे, एक पखवाज, अण्णांची चिजांची वही आणि या सर्वांच्या कडेला, जणू परक्या घरी पाहुणी आलेली, एक तलवार असे.

गवयाच्या घरी तलवार कशी, असे कोणीही विचारावे. ती आमच्या आजीच्या माहेरची. ते घराणे शिलेदारी करणारे. पुढे माहेरचा वंश खुंटला तेव्हा घरातील भांडीकुंडी दूरच्या भाऊबंदांनी नेली आणि तलवार कोणालाच नको होती म्हणून ती आजीकडे आली. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, होळकर दरबारच्या अखेरच्या वर्षांत दरबारी गायक होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, दरबाराच्या गोष्टी तेवढ्या ऐकल्या.

आता एक कबुली देतो. मी अकरा वर्षांचा असताना खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आईने मला पूजेची उपकरणी घासावयास सांगितली. तांब्याची भांडी झाल्यावर माझी नजर तलवारीकडे गेली. ती काळवंडलेली होती. शेजारी सुतारकाम चालू होते, तेथून मी पॉलिश पेपरचे दोन तुकडे मागून आणले, जोडीला चिंच होतीच. दोन तास खपून मी ती तलवार अशी लखलखीत केली, की तिच्यात तोंड दिसावे. पात्याच्या पाठीवर, मुठीच्या जवळ, काही पिवळसर रेघोट्या होत्या. तो मळ असेल असे समजून तेथे मी दुप्पट जोर लावला.

संध्याकाळी अण्णा शिकवणी आटोपून घरी आले. मी मोठ्या ऐटीत तलवार त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हाती घेतली, उलटी केली, खिडकीशी नेली आणि तिच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "चीज राहिली, छाप गेली."

गाण्याशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. जुन्या बंदिशींत रचनाकार आपले नाव कुठे तरी, बहुधा अंतऱ्यात, गुंफून ठेवतो. सदारंग, अदारंग ही अशीच नावे. त्या नावाला आमच्यात छाप किंवा मुद्रा म्हणतात. छाप गळाली तरी सूर तेच राहतात, ताल तोच राहतो, चीज गाताही येते. फक्त ती कोणाची, हे सांगणारे कोणी उरत नाही. आजीच्या माहेरच्या त्या तलवारीवर कोणाचे नाव होते, हे मी दोन तासांत आणि दोन पैशांच्या चिंचेत पुसून टाकले होते.

पुढे मला जुन्या तलवारी आणि संगिनी पाहण्याचा, त्यांची टिपणे ठेवण्याचा नाद लागला, त्याचे मूळ त्या संध्याकाळी आहे. मी काही मोठा संग्राहक नाही. संगीत शिकवून पोट भरणाऱ्याला तो शौक परवडणाराही नाही. पण शिकवणीच्या निमित्ताने रामबाग, नारायणबाग, जुनी इंदूर या भागांतील पुष्कळ घरांत माझे जाणेयेणे असते, आणि एकदा लोकांना समजले की मास्तरांना अशा वस्तूंची आवड आहे, की माळ्यावरून, धान्याच्या कोठीमागून, गादीखालून काही ना काही निघतेच.

तलवार पाहावयाची म्हणजे काय पाहावयाचे? नवखा मनुष्य आधी मुठीवरची नक्षी पाहतो. जाणकार पाते पाहतो, आणि पात्यातही आधी पाठ. मूठ बदलता येते. परज, म्हणजे बोटांच्या रक्षणासाठी मुठीला असलेली कमान, ती तर पिढीगणिक बदललेली आढळते. पाते मात्र एकदा ठोकले की ठोकले. मराठ्यांच्या हाती असलेल्या पुष्कळ चांगल्या तलवारींची पाती तर या देशात झालेलीच नव्हेत. ती पोर्तुगीज आणि इतर टोपीकरांच्या व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर उतरत, म्हणून त्यांचे नाव फिरंग. पाते युरोपातले, सरळ आणि लांब. मूठ येथील कारागिराची, येथील हाताच्या मापाची. जर्मनीतील सोलिंगेन, इटलीतील जिनोआ या गावांच्या पात्यांना मोठी किंमत येई. किंमत येई म्हणूनच आपल्याकडचे लोहारही आपल्या पात्यांवर जिनोआची ती दातेरी चंद्रकोर हुबेहूब उमटवीत. तेव्हा चंद्रकोर दिसली म्हणजे पाते इटलीचे, असे समजणारा हमखास फसतो.

या पाठीवरच्या अक्षरांची थोरवी अलीकडेच सर्वांना दिसून आली. नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष पहिले रघूजीराजे यांची तलवार लंडनच्या सदबीज या लिलावगृहात २०२५ च्या एप्रिलमध्ये विक्रीस निघाली. रघूजींनी कर्नाटकात आणि पुढे बंगाल-ओडिशात मोहिमा केल्या, छत्रपती शाहू महाराजांनी त्यांस सेनासाहेबसुभा हा किताब दिला, हे सर्व पाठ्यपुस्तकांत असते. पण ही तलवार त्यांचीच, हे कशावरून? तर तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग' असे कोरलेले आहे. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून ती मिळविली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. तेवढी एक ओळ त्या पाठीवर नसती, तर परदेशी पात्याच्या शेकडो मराठी तलवारींतील एक, एवढीच तिची ओळख उरती. ती बातमी वाचली तेव्हा मला आमचा पाट आठवला. मी पुसले ते कोणा राजाचे नाव नव्हते हे उघड आहे. पण ज्याचे होते त्याला ते आपलेच होते.

तलवारीहून संगिनीचे शास्त्र निराळे. तलवार एका माणसासाठी घडविलेली असे. संगीन हजारांनी काढलेली, एकीसारखी दुसरी. संगिनीचे युरोपीय नाव फ्रान्समधील बायोन गावावरून पडले असे म्हणतात. प्रथम ती बंदुकीच्या नळीच्या तोंडात दट्ट्यासारखी खुपसीत, आणि खुपसली की गोळी झाडता येत नसे. स्कॉटलंडमध्ये किलिक्रँकीच्या लढाईत १६८९ साली सैनिक संगिनी खुपसण्याच्या धांदलीत असतानाच डोंगराळ टोळ्या त्यांच्यावर येऊन कोसळल्या. नळीभोवती बसणारे पोकळ नळकांडे असलेली संगीन त्यानंतर सर्वत्र रूढ झाली. तीच पुढे कंपनीच्या शिपायांबरोबर आपल्याकडे आली.

माळव्याशी तिचा संबंध फार जवळचा आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सेनानीकडून कवायती पलटणी तयार करविल्या, तेव्हा तुकोजीराव होळकरांनीही शेवालिए दुद्रनेक या फ्रेंच सरदाराला चाकरीस घेतले. परंतु १७९३ साली लाखेरीस शिंदे-होळकरांचीच आपसात गाठ पडली आणि होळकरांच्या त्या नव्या पलटणींची वाताहत झाली. संगिनीच्या ओळी दोन्हीकडे, दोन्हीकडे मराठी निशाण, असे ते दुर्दैवी युद्ध. पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला रोशन बेगच्या तोफा आणि होळकरांची पायदळे इंग्रजांपुढे उभी राहिली. त्या दिवसानंतर मंदसोरचा तह झाला, महू येथे छावणी पडली आणि आपले इंदूर राजधानी झाले. आपण ज्या शहरात राहतो, त्याच्या जन्मकथेत अशी संगीन आहे.

माझ्या वहीतील पहिली नोंद एका संगिनीचीच आहे. शिकवणीच्या एका घरी एक वृद्ध बाई तुळशीची माती एका लांब लोखंडी पात्याने उकरीत होत्या. मी वाकून पाहिले तर ती लष्करी संगीन. "आमच्या सासऱ्यांच्या वडिलांची हो मास्तर," त्या म्हणाल्या. "फ्रान्सच्या लढाईतून आणलेली. वर साल आहे बघा, १९०७."

हे १९०७ पुष्कळांना चकविते. ते बनावटीचे साल नव्हे, नमुन्याचे आहे. ली-एनफिल्ड रायफलीसाठी त्या वर्षी ठरलेला सतरा इंची पात्याचा हा नमुना पुढे दोन्ही महायुद्धांत वापरात होता. प्रत्यक्ष घडणीची तारीख त्याखाली बारीक आकड्यांत, आधी महिना मग साल, अशी असते. शेजारी कारखान्याचे नाव: इंग्लंडमधील असेल तर विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन वगैरे, आपल्याकडील ईशापूरची असेल तर आर. एफ. आय. ही अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाणाचे टोक म्हणजे सरकारी मालकीची खूण, आणि फुलीचा शिक्का म्हणजे पाते वाकवून पारखले आहे याची साक्ष. अगदी आरंभीच्या संगिनींना मुठीपाशी पुढे वळलेला आकडा असे. १९१३ साली तो काढून टाकला. ज्याला एवढे वाचता आले, त्याला संगीन आपली जन्मपत्रिका स्वतःच सांगते.

मी घरून भिंग आणले, चिंधीला तेल लावून माती हलकेच पुसली. आकडे उमटले ते दहा आणि सतरा. म्हणजे सँडरसनच्या कारखान्यात ऑक्टोबर १९१७ मध्ये घडलेली ही संगीन. आणि हिंदी पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन फ्रान्स सोडून गेल्या त्या १९१५ च्या अखेरीस. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते, की पणजोबा पायदळात होते, फ्रान्समध्ये लढले आणि ही घेऊन परतले. लोखंड सांगत होते, की तेव्हा माझा जन्मच झाला नव्हता.

ते बाईंना सांगावे की न सांगावे, या विचारात मी आठवडा घालविला. गाणे शिकवताना चुकीचा स्वर कानांवर पडला तर मी गप्प बसत नाही. मग येथे का बसावे? शेवटी सांगितले. बाईंनी ऐकून घेतले, थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मास्तर, ते खोटे बोलले म्हणता?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे विचार केला तेव्हा ध्यानात आले, की खोटे कोणी बोलले असेलच असे नाही. पणजोबा फ्रान्समध्ये लढले असतील आणि नंतर दुसऱ्या आघाडीवरही गेले असतील. संगीन तेथली असेल. किंवा ती घरात दुसऱ्याच कोणाकडून आली असेल आणि दोन गोष्टींची एक गोष्ट झाली असेल. घरातील आठवणी अशाच जुळतात. दोन बंदिशींचे अंतरे एकमेकींत मिसळावेत तशा. मी बाईंना म्हटले, "आपण दोन्ही लिहून ठेवू. घर काय म्हणते ते एका बाजूला, पाते काय म्हणते ते दुसऱ्या बाजूला." त्यांना ते पटले. तुळशीसाठी त्यांनी खुरपे आणविले, आणि त्या दिवसापासून माझ्या वहीला दोन रकाने पडले.

कागदापुरते पाहिले तर या दोन रकान्यांचा मेळ बसविणे, हेच संग्रहाचे खरे काम. एक उदाहरण देतो. नोलन नावाचा इंग्रज घोडदळाचा अधिकारी १८५४ मध्ये बॅलाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात पडला. त्याच्या आदल्या वर्षी त्याने घोडदळावर एक पुस्तक लिहिले. त्यात निजामाच्या घोडदळाने केलेल्या एका चकमकीची हकिकत आहे. तलवारींचे वार असे खोल उतरले होते, की नोलनला वाटले ही कोणती अद्भुत हत्यारे! चौकशी केली तेव्हा कळले, की पाती इंग्रजी सैन्यानेच टाकून दिलेली. स्वारांनी ती घेऊन त्यांवर देशी मुठी बसविल्या, धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रजांची म्याने लोखंडी. उपसताना घालताना धार बोथट होई. तेच पाते, पण म्यान बदलले आणि हात बदलला. आता अशी एखादी तलवार आपल्या घरी निघाली तर घर म्हणेल 'आमच्या पूर्वजांची', पाते म्हणेल 'मी इंग्लंडचे'. आणि खरे पाहता दोघांचेही म्हणणे बरोबर असेल.

हल्ली अशा वस्तूंचा बाजार फार वाढला आहे, आणि बाजार वाढला की नकला वाढतात. खऱ्या जुन्या पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी जी नैसर्गिक नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. बंद मुशीत लोखंड आणि कर्ब एकत्र वितळवून, मंद थंड करून ते पोलाद काढीत. तेलंगणातील कोनासमुद्रमहून असे पोलाद न्यावयास इराणी व्यापारी येत. फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा करण्यासाठी प्रयोग केले. आज मात्र निराळ्या लोखंडाच्या पट्ट्या जोडून, तेजाबात बुडवून तशी लहर आठवड्यात काढून देतात. नव्या मुठीवर सोन्याचा तार ठोकून तिला धुराने काळी केली, की दोनशे वर्षांची तलवार तयार! नकलेला ओळखण्याची एक साधी रीत आहे. जी वस्तू खरोखर वापरली गेली, ती हाताला जेथे लागे तेथेच झिजलेली असते. नकली वस्तू सगळीकडे सारखी म्हातारी दिसते.

कायद्याचाही विचार ठेवावा लागतो. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लावला आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविला. आपल्या शस्त्रांना माळ्यावर आणि गादीखाली राहण्याची जी सवय जडली, तिच्यामागे ही धास्तीही असावी. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्याखालील नियमांत तलवार, खंजीर, संगीन, भाला यांचा बंदुकीखेरीजच्या शस्त्रांत समावेश आहे, आणि ज्या भागासाठी सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तेथे त्यांनाही परवाना लागतो. शिवाय शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तो कायदा १९७२ चा. तेव्हा घरात तलवार असेल तर लपवून न ठेवता कलेक्टर कचेरीत चौकशी करून जे नियमात असेल ते करावे. लपविलेली वस्तू शेवटी रात्रीच्या वेळी कबाड्याकडे जाते, आणि तेथे तिचे वजन होते, वाचन होत नाही.

ज्यांना वाचन साधले असे एक थोर गृहस्थ पुण्यास होऊन गेले. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करीत. जुन्या वाड्यांतून, बाजारांतून त्यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, शस्त्रे, दरवाजे असे जे जमविले, त्याचा सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह झाला. लहानपणी गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्याला दिले आणि १९६२ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. त्या संग्रहालयात मी जातो तेव्हा वाद्यांच्या दालनाइतकाच वेळ शस्त्रांपाशीही जातो. एका बापाने आपल्या मुलाचे नाव पुसले जाऊ नये म्हणून हजारो अनामिकांच्या वस्तू सांभाळल्या, हा विचार तेथे मनातून जात नाही. आपल्या इंदुरातही आग्रा-मुंबई रस्त्यावरचे केंद्रीय संग्रहालय आहे. हिंगलाजगडच्या मूर्तींसाठी लोक तेथे जातात, त्यांनी शस्त्रांकडेही एक नजर टाकावी.

ज्यांच्या घरी एखादे जुने हत्यार आहे, त्यांना माझ्यासारख्या गुन्हेगाराचे चार शब्द. त्याला पॉलिश पेपर, चिंच, राख, लिंबू यांपैकी काही लावू नका. मऊ फडक्याने हलक्या यंत्रतेलाचा पातळ हात फिरवावा, बस्स. जुन्या चामडी म्यानात पाते कायमचे ठेवू नका. चामडे ओल धरते आणि आतल्या आत गंज चढतो. पूजेला हळदकुंकू अवश्य वाहा, पण मुठीला. आणि पूजा आटोपताच पाते कोरडे पुसून पुन्हा तेल लावा. जेथे अक्षर असल्याची शंका येईल तेथे तर बोटही घासू नका. भिंग घ्या, तिरपा उजेड घ्या, आणि फोटो काढून ठेवा.

आणि सर्वांत मोठे काम म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. कोणाची, कोठून आली, कोणी दिली, ही तीन वाक्ये एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला. चुकीचे असले तरी लिहा. चुकीचे सांगणे पुढे कोणी तरी तपासू शकतो; न सांगितलेले कोणालाच तपासता येत नाही. मी हे अण्णांना वेळेवर विचारले नाही. मला सुचले तेव्हा त्यांची स्मृती गेली होती. बंदिशी आठवत होत्या, माणसे आठवत नव्हती. एकदा मी ती तलवार त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याने तिची पाठ चाचपली आणि बरोबर त्या जागी येऊन अंगठा थांबला. पण शब्द काही आला नाही.

आमची तलवार आजही खंडेनवमीला तंबोऱ्यांशेजारी बसते. भिंगाखाली, तिरप्या उन्हात, मुठीच्या अगदी जवळ एक वेलांटी तेवढी दिसते. ती 'श्री'ची असावी. त्यापुढे माझ्या हाताचे दोन तास आहेत. गेल्या वर्षी पूजेला आलेल्या एका लहान शिष्याने विचारले, "गुरुजी, ही कोणाची?" मी त्याला आजीच्या माहेराची हकिकत सांगितली, पॉलिश पेपरचीही सांगितली. मग वही काढून त्या तलवारीच्या पानावर दोन्ही रकाने दाखविले. घराच्या रकान्यात सहा ओळी आहेत. पात्याच्या रकान्यात एक वेलांटी काढून ठेवली आहे.

ते पान त्याने दोनदा वाचले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचे सोने द्यायला आला, तेव्हा त्याच्या हाती एक चिठ्ठी होती. "आमच्या आजोबांकडे पण एक आहे," तो म्हणाला. "मी विचारून आलो." चिठ्ठीवर तीन वाक्ये होती, आणि खाली तारीख.